रडतंय, रडू दे

शिरवण्यातल्या मढव्यांच्या घरी लग्न निघालं होतं, आणि त्या लग्नाचं सगळ्यात जास्त काम जी बाई उपसत होती, तिलाच त्या लग्नात उभं राहायची मुभा नव्हती. पुतळा तिचं नाव. नवरीची सख्खी आई!

हळदीला अजून आठवडा होता. पुतळा मागच्या पडवीत वड्यांच्या पिठाचे तांदूळ धुऊन चादरीवर पसरत बसली होती. तिची थोरली जाऊ गुलाब चहा घेऊन आली. पुतळानं उजव्या हातानं कप धरला, आणि तो तसाच निसटून फरशीवर फुटला.

"अगो, ध्यान कुठं हाय तुजा?" गुलाब म्हणाली.

"हातान जोरच नाय राह्यला," पुतळा बोटं चोळत म्हणाली. "आनि परवा ना, या डाव्या डोल्यावर काला पडदा आयला. काय दिसंनाच. मंग आपोआप गेला."

"जागरनान झाला असंल. आनि हे बग, लगनघरान आजाराचा नाव काडू नको. पोरीच्या सासरी कलला तर बोलतील, आयसला लकव्याची खोड हाय, उद्या पोरीला पन लागंल."

थोड्या वेळानं हात पूर्ववत झाला. पुतळानं काचा वेचल्या आणि स्वतःच जावेचा हात धरला. "उन्नतीला सांगू नको हां. उगाच टेन्शन घेईल." दोघी मिळून ही गोष्ट अशी गाडून मोकळ्या झाल्या. आपल्याकडे लग्न ठरलं की घरातल्या बायकांना आजारी पडायलाही मुहूर्त लागतो.

पुतळाचा नवरा एमआयडीसीतल्या एका कंपनीत कामाला होता. उन्नती शाळेत असतानाच तो गेला. पुतळानं मच्छी विकली, लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या आणि पोरीला शिकवलं. उन्नती आता सीबीडी बेलापूरला एका वकिलाच्या ऑफिसात काम करते. आणि हो, मढव्यांच्या घरात पुतळाला कुणी छळत वगैरे नव्हतं बरं का! ती रंगीत साडी नेसायची, भिशीला जायची, जावेबरोबर हसायची-भांडायची. "आमच्यान आता तसला काय राह्यला नाय," असं तिचे थोरले दीर दत्तू मढवी चारचौघांत छाती काढून सांगायचे.

खरंच नव्हतं राहिलं? घरात मंगलकार्य आलं की कुणी काही न बोलता पुतळा आपणहून उठायची आणि मागच्या खोलीत जाऊन बसायची. या रूढीची सगळी करामत त्या 'आपणहून' शब्दात आहे. कुणी हात धरून बसवत नाही, कुणी बाहेरून कडी लावत नाही. वर्षानुवर्षं नजरा अशा शिकवल्या जातात की बाई स्वतःच दार ओढून घेते, आणि घरातले हात झटकून मोकळे. "आमी कुठं काय बोललो?" या एका वाक्यावर आपल्या किती पिढ्या निर्धास्त झोपल्या!

हळदीच्या आदल्या संध्याकाळी पुतळा आपली गोधडी घेऊन त्या खोलीत निघाली, तेव्हा उन्नती दारात आडवी झाली. "आये, तू नाय जायचंस. माझ्या हळदीला तूच नसशील तर ती हळद कसली?"

"येडी काय तू? हलद लागंपर्यंत नवरीनं रांडमुंडीचं तोंड बगू नये. तुज्या संसाराला माजी नजर नको."

"स्वतःला असं बोलतेस? लाज नाय वाटत?"

"एक दिवसाचा तर सवाल हाय, बाय माजी. ऐक ना." पुतळानं पोरीचा गाल कुरवाळला. उन्नती बाजूला झाली. पाहुणे आले होते, मांडवाचे खांब आले होते, भांडण कुणाकुणाशी करणार? एक दिवसाचा तर सवाल, असं तिनंही मनाशी म्हटलं.

मागच्या खोलीत तांदळाची पोती आणि लग्नाची भाड्याची भांडी ठेवली होती. कोपऱ्यात मोरी होती, त्यामुळे पुतळाला बाहेर यायची गरजच नव्हती. कुणीतरी सकाळी चहा आणि दुपारी जेवणाचं ताट दारापुढे ठेवून गेलं, मान वळवून, जसं सगळे करतात तसं. दार आतून नुसतं लोटलेलं होतं. एका बोटानं उघडलं असतं.

सकाळी मांडवात लग्नाची गाणी सांगणारी धवलारीण बसली, बायकांनी तिच्यामागून धवले म्हटले. दुपारनंतर डीजे सुरू झाला. उन्नतीनं मधेच आईला दोनदा फोन लावला, उचलला नाही. या गोंगाटात ऐकू जात नसेल, असं वाटून तिनं सोडून दिलं. दिवेलागणीला तिला हळद लागली. काक्या, माम्या, मैत्रिणी, शेजारणी, सगळ्यांचे हात तिच्या गालाला लागले. सगळं आटोपल्यावर ती पिवळ्या अंगानंच मागे धावली. आता तर हळद लागली होती ना, आता आईचं तोंड बघायला मोकळीक होती.

दाराबाहेर ताट तसंच होतं. भातावर मुंग्या चढल्या होत्या. शेजारी चहावर साय धरली होती.

"आये!"

पुतळा दोन पोत्यांच्या मधे पडली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे डावीकडे खेचलेले, उजवा हात अंगाखाली दुमडलेला. साडी ओली होऊन पुन्हा वाळायला लागली होती. लेकीचा आवाज ऐकून तिच्या घशातून "अं... अं..." असा आवाज आला. शब्द नव्हता त्यात एकही.

उन्नतीनं किंकाळी फोडली, पण बाहेर डीजे होता. तिनं बाहेर येऊन वायर ओढली तेव्हा कुठे लोकांची तोंडं वळली.

गुलाबकाकी अंगणात आडवी आली. "उन्नती, तू नको जाऊ! हलदीच्या अंगानं नवरी उंबऱ्याबाहेर नाय जात. काका नेतील ना तुजे."

"बाजूला हो, काकी."

"अगो, अपशकुन—"

"ती आत मरतेय आनि तुला अपशकुन बाहेर दिसतोय?" उन्नतीनं काकीला अक्षरशः ढकललं. दत्तूकाकांनी गाडी काढली. शेवटच्या क्षणी काय वाटलं कुणास ठाऊक, गुलाबही मागच्या सीटवर येऊन बसली. पुतळाचं डोकं लेकीच्या मांडीवर आणि पाय जावेच्या मांडीवर, अशी ती गाडी रुग्णालयाच्या दारात थांबली.

इमर्जन्सीत मेंदूच्या डॉक्टर होत्या बतूल मुकादम, उरणकडच्या. पुतळाचा हात उचलून सोडला, पाय उचलून सोडला, नाव विचारलं. आणि मग नातेवाइकांकडे वळून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"यांना शेवटचं नीट कुणी पाहिलं? नीट म्हणजे बोलताना, चालताना. कधी?"

साधा प्रश्न. भरल्या घरातल्या माणसाबद्दल कुणीही सांगू शकेल असा.

"आत्ताच," दत्तूकाका एकदम म्हणाले. "तासभर झाला असंल. माज्याशी बोलली चांगली."

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुतळाला स्कॅनला घेतलं. पहिला सीटी निघाला, रक्तस्राव नव्हता. लगेच शिरेतून औषध सोडून मानेच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढला. डॉक्टर बतूल झपाझप बाहेर आल्या. "मानेतली डावी मोठी रक्तवाहिनी बंद आहे. तिथूनच गुठळी वर मेंदूत गेलीय. तासाभरापूर्वी सुरू झालं असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं. नक्की तासभरच ना? कारण उशीर झालेला असेल, तर याच इंजेक्शननं मेंदूत रक्तस्राव होऊन पेशंट जाऊ शकतो."

उन्नतीनं काकांकडे पाहिलं. "काका, तू कवा बोललास तिच्याशी?"

"बोललो ना. जाता-येता."

"कुठं? तिच्या खोलीत? तू आज मागं गेलासच नाय. मी मांडवातून बघत होते."

"गप बस. डॉक्टरांसमोर काय तमाशा लावलास?" काका दबक्या आवाजात म्हणाले. "लोकं काय म्हनतील? मढव्यांच्या घरची बाई दिवसभर पडली होती आनि कुनाला पत्ता नाय? अब्रूचा पंचनामा करायचाय तुला?"

झाकली मूठ सव्वा लाखाची! भावजयीचा जीव गेला तरी चालेल, मूठ उघडता कामा नये. बरं, दत्तू मढवी काही राक्षस नव्हते. भावाच्या माघारी त्यांनीच या मायलेकींना आसरा दिला होता. पण माणसाच्या तोंडून अब्रू बोलायला लागली की माणूस गप्प बसतो.

उन्नती डॉक्टरांच्या पुढ्यात गेली. "मॅडम, काका खोटं बोलतायत. माझी आई विधवा आहे. आज माझी हळद होती, म्हणून ती मागच्या खोलीत बसली होती. सकाळपासून तिला कुणीही पाहिलेलं नाही. काल संध्याकाळी मी पाहिली, तेवढंच. इंजेक्शन देऊ नका."

हे शेवटचे तीन शब्द उच्चारताना त्या पोरीला काय वाटलं असेल, याची कल्पना करून बघा. आईला वाचवू शकेल असं एकच औषध समोर होतं, आणि ते देऊ नका असं पोटच्या पोरीला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं. कारण खरं सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

डॉक्टर म्हणाल्या, "बरं केलंत सांगितलंत. माणसं वेळ सांगत नाहीत तेव्हा मेंदूचा फोटो बघून अंदाज घेता येतो. आणखी एक स्कॅन करते. मेंदूचा किती भाग मेलाय आणि किती अजून तगून आहे, ते त्यात कळतं. तगलेला भाग बराच असेल, तर तार घालून गुठळी ओढून काढू."

ती वाट बघण्याची वेळ! उन्नती बाकावर बसली नाही. ती दारापाशी उभी राहून ज्या-ज्या देवाचं नाव आठवलं त्याला हाका मारत होती. गावदेवीला म्हणाली, तुझ्या पाया पडते, थोडा तरी भाग ठेव. तिचं बोलणं तरी ठेव. पाहिजे तर माझं लग्न मोड, पण तिला एकदा 'बाय माजी' म्हणू दे.

डॉक्टरांनी तिघांना आत बोलावून पडद्यावर चित्र दाखवलं. मेंदूची डावी बाजू जवळजवळ सगळी एका रंगाची झाली होती. कडेला दुसऱ्या रंगाची बारीक किनार तेवढी उरली होती.

"एवढा भाग मेलाय," डॉक्टर बोट फिरवत म्हणाल्या. "बोलायचं, समजायचं, उजव्या हातापायाचं, सगळं इथंच असतं. जिवंत आहे ती एवढीशी कड. आता गुठळी काढली तर मेलेल्या भागात रक्त सुटून जास्त वाईट होईल. हे आत्ताचं नाही, बऱ्याच तासांपूर्वीचं आहे. आधी कधी डोळ्यापुढे अंधारी आली होती? हातातून वस्तू पडली होती?"

"नाही," उन्नती म्हणाली.

"आली होती," गुलाब म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. गुलाबच्या कपाळावर मळवट होता, हातभर हिरवा चुडा होता. ती पडद्याकडेच बघत होती.

"आठ दिस झाले. कप पडला हातातून. डोल्यावर पडदा आयला. मीच बोलले, लगनघरान नाव काडू नको."

"ती सूचना होती हो," डॉक्टर म्हणाल्या. "तेव्हा मानेची साधी सोनोग्राफी केली असती, तरी ही नळी अरुंद झालेली दिसली असती."

गुलाब बोलतच राहिली. "आनि सकाली... धवले चालू होते तवा... मी नारल आनायला मागं गेलते. खोलीतून आवाज आयला. अं, अं, असा. मी दारापाशी उभी राह्यले. मागनं कोन कोन बाया आल्या, त्यांनी पन आयकला. मना वाटला, रडतंय. पोरीचा लगीन हाय, नवरा नाय, रडनारच ना बाई. मी बोलले, रडतंय, रडू दे. सगल्या बोलल्या, रडू दे."

वाचकहो, इथे कुणी दुष्टपणा केला होता असं मला दाखवता येत नाही, आणि म्हणूनच हे लिहिणं जड जातं. मेंदूला रक्त न मिळून एक बाई मदतीसाठी ओरडत होती, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या चार बायकांना तो आवाज ओळखीचा वाटला. विधवा लग्नघरात रडते, हे त्यांना इतकं ठाऊक होतं, की दार उघडून बघावं असं एकीच्याही मनात आलं नाही. उलट, न उघडणं हाच तिच्यावरचा उपकार असं त्यांनी मानलं.

उन्नतीनं काकीला शिव्या दिल्या नाहीत. ती खाली बसली आणि स्वतःच्याच गालावर थपडा मारू लागली. "मीपन फोन सोडून दिला... मीपन सोडला..." डॉक्टरांनी तिचे दोन्ही हात धरून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतळाच्या मेंदूला सूज चढली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, फार वेळ नाही. आयसीयूच्या बाहेर दत्तूकाका डॉक्टरांसमोर हात जोडून उभे राहिले. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, तो असा.

"मॅडम, एक विनंती. दुपारचा मुहूर्त हाय. तोवर काय झाला तरी सांगू नका. दोन मानसांत लगीन उरकून घेतो. सुतक लागला तर पोरीचा लगीन वर्षभर अडकंल. तिच्या भल्यासाठीच बोलतोय."

"मी असलं काही करणार नाही," डॉक्टर म्हणाल्या आणि निघून गेल्या.

उन्नतीनं सगळं ऐकलं होतं. तिनं काकांसमोरच फोन काढून नवऱ्या मुलाला, सौरभला लावला. "आज लग्न होणार नाही."

"अगं, पण आई बोलतेय की आपण साधेपणानं उरकू..." पलीकडून सौरभ चाचरत म्हणाला. "वाईट वाटतंय मला, खरंच. पण आई—"

"मग आईलाच विचार. तुझे बाबा गेले तर ती कुठल्या खोलीत बसेल? आणि माझं काही झालं... म्हणजे तुझं काही झालं, तर मी कुठल्या खोलीत बसायचं? उत्तर मिळालं की सांग मला. मी माझ्या आईजवळ आहे."

फोन बंद झाला. दत्तूकाका काहीतरी पुटपुटले आणि बायकोकडे वळले. "चल गो, तू तरी. घरान पाव्हने बसलेत. सवाष्ण नको काय निस्तरायला?"

गुलाब उठली नाही. जावं त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणतात. दत्तूकाकांची स्वतःची रक्तदाबाची गोळी तिच्याच पर्समध्ये होती.

"तुमी जा," ती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं नवऱ्याला असं कधी म्हटलं नसावं. "उद्या तुमचा काय झाला, तर मी पन त्याच खोलीन जानार ना? मंग आज कसला सवाष्णपन मिरवू? मी हिच्यापाशी बसते."

काका एकटेच गेले. गुलाब आयसीयूत पुतळाच्या उशाशी बसली आणि बोलू लागली. ऐकू येतं की नाही कुणास ठाऊक. तांदूळ चांगले वाळले होते, वडे फुगले होते, कुठल्या बाईनं कुठली साडी नेसली होती, उन्नती हळदीत कशी दिसत होती, सगळं. उन्नतीनं आईचा डावा हात आपल्या छातीशी धरला होता. दुपारी पुतळा गेली. शेवटपर्यंत तिच्या तोंडून शब्द आला नाही.

सौरभ संध्याकाळी आला, एकटाच. त्यानं खांदा दिला.

दहाव्याला खाडीकाठी सगळं गाव जमलं. भावकीतले एक जाणते उठून बोलले, "पुतळावैनी माऊली होत्या. लकव्याचा अटॅक आयला. देवाची मर्जी, त्याला कोन काय करनार?"

"देवाची नाय," उन्नती उभी राहून म्हणाली. दत्तूकाकांनी तिचा हात ओढला, तिनं सोडवून घेतला. "देवाचं नाव घेऊ नका. नळी तिच्या मानेत बंद झाली, हे खरं. पन दार आपन बंद ठेवलं. दार उघडलं असतं, तर कदाचित आज ती इथं माझ्या बाजूला असती. यापुढं या गावात कुणाच्याही घरी हळद असली तर मी पहिली मागच्या खोलीत जानार. तिथं कुणी बसलेली असंल, तर मी तिच्याजवळ बसून राहीन. मला घरातून काढायचं असंल तर सगळ्यांसमोर काढा."

पुरुषांत कुजबुज झाली. "लहान तोंडी मोठा घास," कुणीतरी म्हणालं. "दुःखान हाय पोर, मनावर घेऊ नका," दुसरं कुणी म्हणालं.

तेव्हा बायकांमधून गुलाब उठली. हिरवा चुडा तिच्या हातात नव्हता.

"पोर दुःखान नाय बोलत, खरा बोलतंय," ती म्हणाली. "मी दारापाशी होते. मी आयकला तिचा आवाज. तुमच्यातल्या आनि कोनी आयकला, त्यांनी पन सांगा."

कुणीच बोललं नाही. माझ्या मते कारण एकच होतं. त्या गर्दीत अशी एकही बाई नव्हती, जिनं आपल्या घरातल्या बंद दारामागून तो आवाज कधी ना कधी ऐकला नव्हता.